घोसाळे, हिरडा, पणती: शाळेत घडणाऱ्या भेटवस्तू आणि त्यांचे घेणारे

महाराष्ट्रातील शाळांचे वर्ष जूनमध्ये पावसाबरोबर सुरू होते आणि त्याचे पहिले सत्र दिवाळीच्या सुट्टीपाशी संपते, त्यामुळे मुलांच्या हातून घडणाऱ्या बहुतेक वस्तू, मग त्या राख्या असोत, पणत्या असोत, आकाशकंदील असोत की शुभेच्छापत्रे असोत, आषाढ ते आश्विन या चार महिन्यांतच घडतात. या वस्तू पुढे कोणाच्या हाती जातात, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रदर्शनाच्या टेबलावर त्या मांडल्या जातात, वहीत नोंद होते, गुण पडतात आणि सत्र संपले की त्यांची रवानगी कपाटाच्या तळाशी होते. त्यांचे साहित्यही स्टेशनरीच्या दुकानातून आलेले असते. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली, तरी फोमचे तक्ते, चमकी आणि प्लास्टिकचे मणी यांनी ती जागा सहज भरून काढली. असे साहित्य वर्षभर एकाच रूपात मिळते, ते कोठून आले हे मुलाला कळत नाही आणि त्यातून तयार झालेली वस्तू कोणाच्या उपयोगी पडेल याचा विचार करण्याची गरजही उरत नाही. शालेय हस्तकामाची खरी उणीव कौशल्याची नसून घेणाऱ्याची आहे, आणि आसपासच्या निसर्गातील साहित्यातून, जाणत्या देखरेखीखाली, एका ठरावीक माणसासाठी बनवलेली साधी भेटवस्तू ही उणीव भरून काढू शकते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

हाताच्या कामाला शिक्षणात स्थान असावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांतून शेतीचे मूलभूत ज्ञान दिले जावे, अशी मागणी केली होती. पुढे २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिने नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन समितीने सात वर्षांचा शिक्षणक्रम आखताना साडेपाच तासांच्या शालेय दिवसातील ३ तास २० मिनिटे मूलोद्योगासाठी राखून ठेवली. ज्या एका हस्तव्यवसायाभोवती भाषा, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र गुंफून शिकवायचे, तो व्यवसाय म्हणजे मूलोद्योग. सेवाग्रामच्या शाळेत हे स्थान मुख्यतः कताईला आणि विणकामाला मिळाले. मुलांनी बनवलेल्या मालाच्या विक्रीतून निदान शिक्षकाचे वेतन निघावे, अशी गांधीजींची अपेक्षा होती आणि नेमक्या याच मुद्द्यावर परिषदेत मतभेद झाले. शाळेतील माल गावच्या कारागिराच्या मालाशी स्पर्धा करील आणि मूल शिकण्याऐवजी उत्पादनाला जुंपले जाईल, अशा आशयाचा आक्षेप अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी घेतला, आणि तो आजही विचारात घेण्याजोगा आहे.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाची संकल्पना मांडली आणि १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने तिला समाजोपयोगी उत्पादक कार्याचे रूप दिले. कागदावर या दोन्ही कल्पना मूलोद्योगाच्या वारसदार होत्या; प्रत्यक्षात आठवड्याच्या वेळापत्रकातील एकदोन तासिका आणि वर्षअखेरीची श्रेणी एवढेच त्यांचे अस्तित्व बहुसंख्य शाळांत उरले. वर्ध्याच्या योजनेत वस्तू बाजारासाठी बनत होती, कार्यानुभवाच्या तासाला ती परीक्षकासाठी बनू लागली. बाजाराला एकसारखा माल हवा असतो आणि परीक्षकाला नीटनेटका नमुना हवा असतो. ती वस्तू वापरणारे मात्र दोघांपैकी कोणीच नसते. भेट स्वीकारणारा माणूस या दोघांहून वेगळा असतो, कारण त्याला वस्तू विकत घ्यायची नसते, तिला गुण द्यायचे नसतात, पण ती हाताळायची, घासायची, पेटवायची, धुवायची असते. ज्या रुमालाने आजी खरोखर हात पुसणार आहे, तो रुमाल रंग सोडतो की नाही हे तिसऱ्या धुण्याला उघड होते, आणि ही परीक्षा कोणत्याही गुणपत्रकापेक्षा कठोर असूनही मुलाला अपमानास्पद वाटत नाही.

साहित्याच्या बाबतीत महाराष्ट्रापुढे एक भक्कम उदाहरण आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि १९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने आदिवासी पाड्यांवर परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शंख-शिंपले, गारगोट्या, पाने आणि काड्या यांतून मोजणी, वर्गीकरण आणि स्पर्शज्ञान यांची साधने तेथे उभी राहिली. या प्रयोगाचे महत्त्व काटकसरीपुरते मर्यादित नाही. ज्या बिया मुलांनी रानात आधीच हाताळलेल्या होत्या, त्यांच्याबद्दल त्यांना शिक्षकापेक्षा अधिक माहिती होती, आणि म्हणून शिकण्याच्या प्रसंगी मूल प्रथमच जाणकाराच्या जागी उभे राहिले. नैसर्गिक साहित्यातून भेटवस्तू बनवण्याचा उपक्रम याच पायावर उभा राहायला हवा. अन्यथा दुकानातील चमकीऐवजी दुकानातील वाळवलेली फुले आणण्यापलीकडे त्याची मजल जाणार नाही.

नैसर्गिक साहित्याची पहिली अट ऋतूची असते. अंघोळीसाठी वापरायची घोसाळ्याची घासणी ही दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला साजेशी, जवळजवळ बिनखर्चाची आणि लहान मुलांच्याही आवाक्यातील भेट आहे, पण ती दिवाळीच्या आठवड्यात ठरवून बनत नाही. तिचे बी पहिल्या पावसाबरोबर कुंपणाशी किंवा मांडवाखाली पेरावे लागते, वेल दोन महिन्यांत फुलावर येतो आणि भाजीसाठी जे घोसाळे कोवळे असताना तोडले जाते, तेच येथे वेलावर राहू द्यावे लागते. जून होत गेले की त्याच्या आतील तंतू लाकडासारखे कठीण होतात, साल पिवळी आणि पुढे तपकिरी पडते, वजन घटते आणि हलवले की आतल्या बिया खुळखुळतात. ही खूण पटल्याशिवाय फळ काढू नये, कारण अर्धवट पिकलेल्या फळाची जाळी पाण्यात लगेच लिबलिबीत होते. पेरणीपासून ही अवस्था येण्यास चार ते पाच महिने लागतात. जूनच्या मध्यावर शाळा उघडते तेथे पहिली फळे जेमतेम दिवाळीला हाती येतात, आणि विदर्भात उन्हाळ्यामुळे शाळा उशिरा उघडत असल्याने तेथे ती मार्गशीर्षाकडे सरकतात. अशा वेळी शिक्षकाने घाई न करता घोसाळे संक्रांतीच्या वाणासाठी राखावे हे उत्तम, कारण हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना वाण म्हणून लहानशी उपयोगी वस्तू देण्याची रीत महाराष्ट्रात घरोघरी आहे आणि शाळेतील घासणी त्या रीतीत सहज सामावते.

वाळलेले घोसाळे हातात घेतल्यानंतरचे काम तासाभराचे असले तरी ते जवळून पाहण्यासारखे आहे. फळ बादलीतील पाण्यात बुडवून ठेवले की कागदासारखी कडक साल मऊ पडते आणि देठाकडून अंगठ्याने दाबत गेल्यास तिचे लांब तुकडे सुटतात. बुडाकडील टोपण काढून फळ उपडे झटकले की काळ्या, चपट्या बिया खळाखळा बाहेर येतात. त्या पाण्यात न टाकता कागदावर घ्याव्यात, कारण पुढच्या जूनची पेरणी त्यांच्यावर अवलंबून असते. जाळी दोनतीन पाण्यांत पिळून कडक उन्हात टांगली की ती फिकट पिवळी होते, आणि मग सुताराकडून आणलेल्या बारीक दातांच्या करवतीने तिचे हातभर लांबीऐवजी मुठीत मावतील असे तुकडे करावे लागतात. करवतीचे काम सातवी-आठवीच्या मुलांनी, फळ चौकटीत घट्ट धरून, शिक्षक शेजारी असतानाच करायचे. झटकण्याचे, धुण्याचे आणि बिया मोजण्याचे काम तिसरी-चौथीची मुले बिनधोक करू शकतात. तुकड्याच्या एका टोकाला अंबाडीच्या दोरीचा फास ओवला की घासणी न्हाणीघरात टांगता येते, आणि टांगून ठेवल्याने ती दोन वापरांमध्ये सुकते, बुरशी धरत नाही. एवढी सूचना मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहून भेटीबरोबर द्यावी, इतकेच वेष्टन तिला पुरे.

रंगकाम ही याहून अवघड आणि म्हणूनच अधिक शिकवणारी शाखा आहे. सुती रुमाल वनस्पतीच्या रंगात बुडवला की तो रंगतो, पण रंग टिकत नाही, कारण कापसाचा तंतू बहुतेक वनस्पतिज रंग स्वतःहून धरून ठेवत नाही; तंतू आणि रंग यांना जोडणारा दुवा आधी बसवावा लागतो, त्याला रंगबंधक म्हणतात. शाळेसाठी सुरक्षित असे दोन पदार्थ या कामी पुरेसे आहेत. हिरडा हा त्यांपैकी पहिला, जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगराळ भागातील आदिवासी कुटुंबांच्या उपजीविकेचा एक महत्त्वाचा आधार असलेला. आणि दुसरी तुरटी. नव्या कापडाला खळ असते, म्हणून रुमाल प्रथम धुण्याच्या सोड्यात उकळून खळ काढावी लागते. नंतर १०० ग्रॅम कापडाला साधारण २० ग्रॅम हिरडापूड या प्रमाणात केलेल्या पाण्यात तो रात्रभर बुडवून, न धुता, सावलीत वाळवतात. त्याला फिकट पिवळट छटा येते. दुसऱ्या दिवशी १५ ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात तो पुन्हा भिजवला की कापड रंग स्वीकारण्यास तयार होते.

रंगासाठी सांगोला भागात डाळिंबाच्या साली आणि लासलगाव परिसरात कांद्याची टरफले यांचा तुटवडा नसतो, आणि दोन्ही वस्तू एरवी उकिरड्यावर जातात. वाळवलेल्या साली कापडाच्या वजनाइतक्या घेऊन तासभर मंद उकळाव्यात, पाणी गाळून त्यात रुमाल पाऊण तास ठेवावा. येथे एक प्रयोग अवश्य करावा. गुळाच्या पाण्यात गंजलेले खिळे दोनतीन आठवडे कुजवले की काळसर द्रव तयार होतो, आणि या लोहाच्या पाण्याचा एक चमचा बादलीभर पाण्यात घालून डाळिंबाने पिवळा झालेला रुमाल त्यात बुडवला, तर पिवळा रंग मुलांच्या डोळ्यांदेखत शेवाळी आणि मग राखाडी होतो, कारण डाळिंबाच्या सालीतील आणि हिरड्यातील तुरट द्रव्य लोहाशी संयोग पावून काळा रंग देते; जुन्या काळची लेखनाची काळी शाई पुष्कळदा याच संयोगातून बनत असे. एकाच भांड्यातून निघालेले दोन रुमाल, एक उन्हासारखा पिवळा आणि दुसरा राखी, शेजारी वाळत घातले की रसायनशास्त्राचा जो पाठ होतो तो फळ्यावर होत नाही. लोहाचे पाणी अधिक झाल्यास कापड कालांतराने जीर्ण होते, हेही मुलांना सांगितले पाहिजे, कारण रुमाल कोणाला तरी द्यायचा आहे.

पारिजातकाच्या देठांचा मोह या ऋतूत आवरत नाही, कारण भाद्रपद-आश्विनात झाडाखाली रोज पहाटे सडा पडलेला असतो आणि त्या केशरी देठांतून सुरेख रंग निघतो. मात्र हा रंग उन्हाने आणि धुण्याने लवकर विटतो. तो देऊ नये असे नाही. तो विटणारा आहे हे सांगून द्यावा, एवढेच. रंगवण्यासाठी स्टीलचे भांडे वापरावे, कारण ॲल्युमिनियम आणि लोखंड रंगात ढवळाढवळ करतात, आणि एकदा रंगासाठी वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकात आणू नये. मोरचूद किंवा क्रोमियमचे क्षार बाजारात रंगबंधक म्हणून मिळतात. ते विषारी आहेत आणि शाळेच्या उंबऱ्याच्या आत त्यांना जागा नाही.

मातीच्या पणतीची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथे शाळेला कुंभाराशिवाय पुढे जाता येत नाही. दख्खनची काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते, शिवाय तिच्यात चुनखडीचे खडे असतात आणि भाजल्यानंतर तेच खडे हवेतील ओल शोषून फुगतात व पणतीच्या अंगावरून ढलप्या उडवतात. म्हणून कोणत्या तळ्याची माती घ्यायची आणि कोणती टाळायची हे ज्ञान गावोगावच्या कुंभारांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले आहे. मुलांनी अंगठ्याने दाबून घडवलेल्या पणत्या सावलीत आठदहा दिवस वाळल्यावर कुंभाराच्या आव्यात, म्हणजे भाजण्याच्या भट्टीत, जागा मागावी लागते. पणतीत ओल राहिली असेल तर ती वाफ होऊन पणती फुटते आणि शेजारचा मालही फोडते, त्यामुळे मुलांचे काम आव्यात घेताना कुंभार खरी जोखीम पत्करतो आणि त्याबद्दल त्याला योग्य मोबदला मिळाला पाहिजे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दप्तराविना दिवस सुचवले आहेत, त्या काळात स्थानिक कारागिरांकडे शिकावे अशी त्यात कल्पना आहे, आणि या तरतुदीचा सर्वात प्रामाणिक उपयोग म्हणजे कुंभार, बुरूड किंवा सुतार यांना मानधन देऊन, गुरुजी या नात्याने वर्गात बोलावणे. ज्या कामांना जातीच्या उतरंडीने शतकानुशतके कमी लेखले, ती कामे शाळेने कारागिराला वगळून 'उपक्रम' म्हणून उचलणे हा अन्याय ठरेल. भाजून आलेली पणती वापरण्याआधी काही तास पाण्यात बुडवून ठेवावी, म्हणजे तिची छिद्रे पाण्याने भरतात आणि ती तेल कमी पिते. घरोघरी पाळला जाणारा हा संकेत मुलांनी भेटीसोबत सांगावा.

उटण्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद, वाळलेली संत्र्याची साल, गुलाबाच्या पाकळ्या आणि मसुराचे पीठ यांची वस्त्रगाळ पूड, म्हणजे पातळ कापडातून गाळलेली पूड, ही सर्वांत सोपी दिवाळीभेट आहे आणि म्हणूनच ती निष्काळजीपणे बनवली जाते. अनेक पारंपरिक उटण्यांत बावची असते. तिच्यातील द्रव्यामुळे त्वचा सूर्यप्रकाशाला अतिसंवेदनशील होते आणि उन्हात गेल्यावर चट्टे उठू शकतात, म्हणून शाळेच्या उटण्यात ती नसावी. पूड गाळताना नाकावर रुमाल हवा, आणि घेणाऱ्याने आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस पाहावे, अशी चिठ्ठी पुडीला जोडलेली असावी.

आता बियांकडे वळले पाहिजे, कारण देखरेखीची खरी कसोटी तेथे लागते. राखीसाठी, माळेसाठी, चौकटीवर चिकटवण्यासाठी बियांसारखे आकर्षक साहित्य नाही आणि त्यांतील सर्वांत देखणी बी सर्वांत घातक आहे. लाल अंगावर काळा ठिपका असलेली गुंज सोनारांच्या तराजूत वजन म्हणून वापरली जात असे, ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा. तिच्यात अॅब्रिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. कठीण टरफल अभंग असेतो ते आतच राहते, परंतु ओवण्यासाठी गुंजेला भोक पाडले की संरक्षण संपते, आणि अशी माळ लहान भावंडाने चावली तर ती जीवघेणी ठरू शकते. एरंडाची नक्षीदार बी आणि पिवळ्या कण्हेरीची बिट्टी यांनाही हाच नियम लागू आहे. सीताफळाच्या बिया हाताळण्यास निर्धोक असल्या तरी त्या फोडू किंवा घासू नयेत, कारण त्यांची पूड डोळ्यात गेल्यास बुबुळाला गंभीर इजा होते. बिब्याचा रस पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करण्यासाठी वापरत, म्हणून 'नैसर्गिक शाई' म्हणून तो सुचवला जाण्याची शक्यता असते. त्याने त्वचेवर फोड येतात, आणि कोकणात ओल्या काजूच्या टरफलातील चिकाने होणारी भाजल्यासारखी जखमही याच प्रकारची असते, कारण दोन्ही वनस्पती एकाच कुळातील आहेत. खाजकुइलीच्या मखमली शेंगांना हात लावणाऱ्या मुलाला काय होते, हे ग्रामीण भागात वेगळे सांगावे लागत नाही. शहरातील शाळेच्या सहलीत मात्र ते आधी सांगावे लागते.

याउलट रिठ्याच्या काळ्याभोर बिया, चिंचोके, सागरगोटे आणि बकुळीच्या बिया यांवर निर्धास्तपणे काम करता येते, फक्त त्या पूर्ण वाळवून, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवून भुंग्यांपासून वाचवाव्या लागतात, आणि तोंडात घालण्याच्या वयाची मुले असलेल्या घरी सुट्या बियांची भेट देऊ नये. या सर्वांत कसई, म्हणजे रानजोंधळा, हे शाळेसाठी निसर्गाने दिलेले वरदानच आहे. ओढ्याकाठी वाढणाऱ्या या गवताचा राखाडी, गुळगुळीत, थेंबाच्या आकाराचा मणी मुळातच आरपार पोकळ असतो, कारण त्याच्या मधून फुलोऱ्याचा देठ गेलेला असतो. वाळलेला देठ काडीने बाहेर ढकलला की मणी ओवण्यास तयार होतो. सुई तापवणे नको, छिद्रयंत्र नको, आणि पहिलीतील मूलही स्वतःच्या हाताने राखी पुरी करू शकते.

साहित्य गोळा करण्याची नीती हा या उपक्रमाचा दुर्लक्षित भाग आहे. निसर्गातील वस्तू भेट म्हणून देण्याची सर्वांत मोठी रीत महाराष्ट्रात दसऱ्याला दिसते, जेव्हा आपट्याची पाने सोने म्हणून वाटली जातात. आणि त्याच दिवसासाठी रस्तोरस्ती आपट्याच्या फांद्याच्या फांद्या तोडून विक्रीला येतात, आपटा पुरत नाही तेव्हा त्याच्या जागी कांचनाची पाने येतात, संध्याकाळी उरलेला ढीग झाडूवाला गोळा करतो. भेट नैसर्गिक आहे म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही, हे मुलांनी या उदाहरणावरून समजून घेतले पाहिजे. खाली पडलेले घ्यावे, झाडावरचे घ्यायचे तर मालकाला विचारून आणि झाडाला पुढच्या वर्षीही देता येईल इतकेच घ्यावे, पक्ष्याचे घरटे रिकामे वाटले तरी उचलू नये, आणि अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान यांच्या हद्दीतून, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लक्षात घेऊन, काहीही आणू नये. गोव्यात चतुर्थीला गणपतीवर बांधल्या जाणाऱ्या माटोळीसाठी रानफळे आणि वेली शोधून आणताना जाणती माणसे कोणती वेल कोठून आणि किती तोडायची हे सोबतच्या मुलांना दाखवत आली आहेत. शाळेच्या सहलीत त्या जाणत्या माणसाची जागा शिक्षकाने घ्यायची असते.

या सर्व विवेचनातून देखरेखीचा अर्थ स्पष्ट होत जातो. जूनमध्ये पेरणीचे नियोजन करणे, विषारी बी ओळखून बाजूला काढणे, उकळत्या पाण्याच्या भांड्याशी आणि करवतीशी एका वेळी दोनच मुलांना येऊ देणे, मुलांच्या त्वचेच्या आणि दम्याच्या तक्रारी पालकांकडून आधीच विचारून घेणे, ही शिक्षकाची कामे आहेत आणि त्यांत तडजोड नको. परंतु वस्तू हाती येऊ लागल्यानंतर शिक्षकाने मागे सरावे, हे यापेक्षा अवघड असते. प्रदर्शनाच्या सवयीमुळे पणतीची वाकडी कड स्वतःच्या बोटाने सरळ करण्याचा, रुमालावरचा डाग पुन्हा रंगवून झाकण्याचा मोह अनेक शिक्षकांना होतो, आणि मग चाळीस मुलांच्या चाळीस वस्तू एकाच हाताच्या वाटू लागतात. भेट घेणाऱ्याला मात्र मुलाचा हात हवा असतो. म्हणून घेणारा आरंभीच ठरलेला असावा, मुलाने त्याचे नाव वहीत लिहावे आणि त्याच्या गरजेनुसार वस्तू निवडावी. शाळेचा पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना हात पुसण्याचा गडद रुमाल उपयोगी पडेल, रात्रपाळीच्या रखवालदाराला पणती नको असेल पण रिठ्याची पूड चालेल, आणि आजोबांच्या पाठीला घोसाळ्याची जाळी लांब दांड्याची लागेल, हे सगळे निर्णय मुलाचे आहेत.

सुट्टी संपल्यावर दुसऱ्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात मुलांनी घेणाऱ्याकडे जाऊन वस्तू कशी चालली ते विचारावे आणि उत्तर वहीत लिहावे, ही या उपक्रमाची अखेरची आणि सर्वांत टाळली जाणारी पायरी आहे. उत्तरे पुष्कळदा निराश करणारी असतात. रुमाल विटलेला असतो, उटणे जाडेभरडे लागलेले असते, पणतीच्या बुडाला तडा जाऊन तेल पाझरलेले असते. तडा गेलेली पणती अशा वेळी फेकून न देता मुलाने ती घेऊन कुंभाराकडे जावे. कुंभार बहुधा बुडाकडेच बोट दाखवतो, कारण अंगठ्याने दाबून पणती घडवताना नवशिक्याचे बूड जाड आणि कड पातळ राहते, पातळ कड आधी सुकून आकसते, जाड बूड ओलेच राहते, आणि दोन्ही भाग वेगवेगळ्या वेळी आकसल्याने भाजण्याआधीच तेथे केसाएवढी भेग पडलेली असते. म्हणून पुढच्या खेपेला बूड आधी दाबून बारीक करायचे आणि वाळवताना पणतीच्या कडेवर ओले फडके टाकायचे.